वरच्या खाचराचं पाणी

भाजे गावाच्या उतारावर पाऊस आडवा येतोय. लोहगड आणि विसापूर दोन्ही ढगात गडप झालेत. जुलैतला रविवार, त्यामुळे धबधब्याकडे निघालेल्या गाड्या रस्त्यावर खोळंबल्यात. खालच्या खाचरात मात्र मान वर करायला कुणाला फुरसत नाही. डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बाया ओणव्या होऊन मागे मागे सरकतायत. दाढीतून, म्हणजे रोपवाटिकेतून, उपटलेल्या रोपांच्या मुठी चिखलात पडतायत. समोर ताणलेल्या दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून खुणा आहेत. प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन काड्या, बास.

चिखलाला उग्र, कुजका वास येतोय. "हा आमचा युरिया," बांधावर उभ्या काकू हसतात. बांधाबांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला त्यांनी चिखलणीआधी आठवडाभर खाचरात पसरलाय, गुंठ्याला 30 किलोच्या हिशेबानं. कुजेल तसं त्यातलं नत्र हळूहळू सुटतं. दाढीत भाताच्या तुसाची राख घातली होती. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप ताठ होतं, खोडकिड्याला सहज दाद देत नाही. हे सगळं डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीतलं. चौथं सूत्र मात्र काकूंनी सोडलंय. त्यात युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचायच्या असतात. त्याऐवजी कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून जीवामृत मुरतंय. काकूंचा मुलगा ते काठीनं ढवळतोय.

एक गाडी कडेला थांबते. छत्री सांभाळत जोडपं उतरतं. "इंद्रायणी मिळेल का? सेंद्रिय?" काकू पडवीतल्या पोत्यातून गेल्या हंगामाचा तांदूळ ओंजळीत आणतात. बाई वास घेतात. "वा! सेंद्रियच आहे!"

"वास वाणाचा आहे ताई," काकू सांगतात. "खताचा नाही."

खरंच आहे. इथून जवळच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून इंद्रायणी तयार झाला आणि 1987मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. सुवास आला तो आंबेमोहोराकडून. युरियावर वाढलेला इंद्रायणीही घमघमतो.

"मग सेंद्रियचा फायदा काय?" नवरा विचारतो. बाईंना तांदूळ बाळाच्या मऊभातासाठी हवाय.

"फवारा मारलेला नाही, एवढं मी छातीठोक सांगते. ताकद जास्त असते का, ते मला ठाऊक नाही."

अभ्यासही साधारण हेच सांगतात. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अंश कमी सापडतात. जीवनसत्त्वं जास्त असतात, याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. काकूंना स्वतःला मिळालेला फायदा पायाखाली आहे. त्या बोट दाखवतात तिथे चिखलात एक खेकडा बिळाकडे तिरका पळतोय.

पोत्यावर 'पीजीएस ग्रीन' लिहिलंय. "ऑर्गॅनिक का नाही?" नवऱ्याची नजर तीक्ष्ण आहे. काकू वर बोट करतात. वरच्या खाचरात आबा घमेल्यातून युरिया फोकतायत, आणि त्यांच्या बांधाच्या मोरीतून पाणी धो धो खाली येतंय. काकूंनी मध्ये चर खणून ते ओढ्याकडे वळवलंय. पण आज चरही तुडुंब आहे. पीजीएसमध्ये गावातलेच किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. गटानं चर पाहिला, पाला पाहिला आणि संक्रमणकाळातला ग्रीन शिक्का दिला. पायऱ्यापायऱ्यांच्या या शेतीत वरचा तयार झाल्याशिवाय खालच्याचं पुरतं जमत नाही.

आवाज ऐकून आबा बांधावर येतात. "माझा निम्मा युरिया हिच्याच खाचरात जातो," ते कुरकुरतात. "मलाही पटतंय. पण पहिली दोन वर्षं उतारा घटतो, तो कुणी भरून द्यायचा?"

काकू आबांना उत्तर देत नाहीत. तांदूळ पिशवीत ओतता ओतता त्या जोडप्याकडेच वळतात. "दिवाळीनंतर झोडणी होईल. ह्यांनी यंदापासून युरिया सोडला, तर ह्यांचाही घ्याल? शिक्का ग्रीनचाच असेल. भाव माझाच द्यायचा."

नवरा बायकोकडे बघतो. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवतो.

"दहा किलो," बाई म्हणतात. "पण चर मी बघणार."