सर्वाधिक विजेतेपदे आणि त्यांमागचे गणित

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक सांघिक खेळांत सर्वाधिक विजेतेपदे मिळवणाऱ्या खेळाडूंची यादी पाहिली, तर तिच्या शिरोभागी असलेली नावे जवळजवळ एकाच कालखंडातील आहेत, असे दिसून येते. बास्केटबॉलमध्ये बोस्टन सेल्टिक्स संघाच्या बिल रसेलने १९५७ ते १९६९ या काळात एनबीएचे विजेतेपद ११ वेळा मिळवले; आइस हॉकीत माँट्रियल कॅनेडियन्सच्या आँरी रिशारने १९५६ ते १९७३ या काळात स्टॅनली चषक ११ वेळा जिंकला; आणि बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यँकीजचा योगी बेरा १९४७ ते १९६२ या काळात १० वेळा ‘वर्ल्ड सिरीज’, म्हणजे त्या खेळातील अंतिम मालिका, जिंकणाऱ्या संघात होता. तीन वेगळ्या खेळांतील हे विक्रम पाव शतकाच्या आसपासच्या काळात एकवटले असतील, तर त्यांचे कारण केवळ त्या खेळाडूंच्या गुणवत्तेत शोधून भागत नाही; त्या काळातील लीगची, म्हणजे ठरावीक संघांच्या कायमस्वरूपी स्पर्धेची, रचनाही तपासावी लागते.

या रचनेतील पहिली गोष्ट म्हणजे संघांची संख्या. रिशारने पदार्पण केले तेव्हा राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये फक्त सहा संघ होते आणि १९६७ पर्यंत ती संख्या तशीच राहिली; रसेल आला तेव्हा एनबीएत आठ संघ होते; बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगमध्ये मिळून १९६० पर्यंत सोळा. विजेतेपदापर्यंतचा मार्गही आजच्या मानाने आखूड होता. हॉकीत साखळी सामन्यांनंतर चार संघ पुढे जात आणि दोन मालिका जिंकल्या की चषक हाती येई. बेसबॉलमध्ये १९६८ पर्यंत आपल्या लीगमध्ये पहिला येणारा संघ थेट अंतिम मालिकेत उतरे. आणि रसेलच्या संघालाही बहुतेक वर्षी दोनच मालिका जिंकाव्या लागल्या, तर आज एनबीएचा विजेता होण्यासाठी सर्वोत्तम सात सामन्यांच्या चार मालिका पार कराव्या लागतात.

दुसरी गोष्ट अधिक परिणामकारक होती. बेसबॉलच्या करारांत राखीव हक्काचे एक कलम असे, ज्यानुसार कराराची मुदत संपल्यावरही खेळाडूवरचा हक्क त्याच्या मूळ संघाकडेच राहत असे. इतर खेळांतही याच स्वरूपाची बंधने होती. संघ त्याला विकू किंवा बदलून देऊ शकत होता, पण खेळाडू स्वतःहून जास्त पगार देणाऱ्या संघाकडे जाऊ शकत नव्हता. त्यामुळे एकदा जमलेला उत्तम संघ दहा-पंधरा वर्षे टिकवून ठेवणे मालकांना शक्य होत असे. बेसबॉलमधील ही पद्धत डिसेंबर १९७५ मधील एका लवादाच्या निर्णयाने मोडली, आणि बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यात १९७६ साली तडजोड होऊन खेळाडूंच्या स्थलांतराचा मार्ग मोकळा झाला.

तथापि रचनेने सर्व काही स्पष्ट होते असे मानणेही चुकीचे ठरेल, कारण त्याच नियमांखाली खेळणाऱ्या इतर संघांना ही विजेतेपदे मिळाली नाहीत. सेल्टिक्सचेच उदाहरण घेतले, तर रेड आउरबॅक हा प्रशिक्षक १९५० पासून संघाबरोबर होता आणि बॉब कूझीसारखा निष्णात खेळाडूही होता, तरी १९५६ पर्यंत संघाच्या नावावर एकही विजेतेपद नव्हते. त्या वर्षी आउरबॅकने एड मकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू सेंट लुईस हॉक्सला देऊन रसेलवरचा हक्क मिळवला. मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकून रसेल डिसेंबरमध्ये संघात दाखल झाला आणि त्याच हंगामाच्या अखेरीस, १९५७ मध्ये, सातव्या सामन्यात दोन वेळा जादा वेळ खेळून सेल्टिक्सने हॉक्सलाच १२५-१२३ असे हरवले. त्यानंतर १९५९ ते १९६६ अशी सलग आठ वर्षे विजेतेपद बोस्टनकडे राहिले. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच हंगामात हा गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. सॅम जोन्स हा १० विजेतेपदांचा मानकरीही त्याच वर्षी निवृत्त झाला होता, हे लक्षात घेतले तरी रसेलच्या आधीची आणि नंतरची स्थिती बरेच काही सांगून जाते.

रसेलचे योगदान गुणांच्या आकड्यांत फारसे दिसत नाही. कारकिर्दीत त्याची सरासरी सामन्यामागे १५.१ गुण एवढीच होती, तर त्याचा समकालीन प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन याची ३०.१, तरीही चेंबरलेनच्या वाट्याला १९६७ आणि १९७२ अशी दोनच विजेतेपदे आली. रसेलचे सामर्थ्य बचावात आणि रिबाउंडमध्ये, म्हणजे बास्केट हुकून परत आलेला चेंडू पकडण्यात, होते. त्यात त्याची सरासरी २२.५ होती. प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हवेत अडवताना तो मैदानाबाहेर फटकावण्याऐवजी शक्यतो मैदानातच ठेवण्याकडे त्याचा कल असे, जेणेकरून तो सहकाऱ्याच्या हाती पडून लगेच प्रतिहल्ला सुरू व्हावा. अशा अडवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद एनबीएने १९७३-७४ पासून ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे त्याच्या मुख्य कौशल्याचा हिशेबच कागदावर उतरला नाही. १९६६ पासून तीन हंगाम तो खेळाडू असतानाच प्रशिक्षकही होता, एनबीएतील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक, आणि या दुहेरी भूमिकेत त्याने १९६८ व १९६९ ची विजेतेपदे मिळवली.

वेगवेगळ्या काळांतील विक्रमांची तुलना करायची असेल, तर एक साधे गणित उपयोगी पडते. सर्व संघ तुल्यबळ आहेत असे धरले, तर आठ संघांच्या लीगमध्ये एका संघाला विजेतेपदाची संधी दर हंगामात एक अष्टमांश असते, आणि खेळाडूच्या सर्व हंगामांचे असे अपूर्णांक मिळवले की निव्वळ योगायोगाने त्याच्या वाट्याला किती विजेतेपदे आली असती याचा अंदाज येतो. रिशारच्या २० हंगामांसाठी हा आकडा सुमारे अडीच येतो, रसेलच्या १३ हंगामांसाठी जवळपास दीड, आणि बेराच्या १९४७ ते १९६३ या १७ हंगामांसाठी सुमारे एक. म्हणजे रिशारने अपेक्षेच्या चौपटीहून थोडे अधिक, रसेलने साडेसातपटीहून अधिक, तर बेराने जवळपास दहापट यश मिळवले. या मोजमापात अलीकडचा एक खेळाडूही बेराच्या पंक्तीत बसतो, तो म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधील टॉम ब्रेडी, ज्याने ३१-३२ संघांच्या लीगमधील २३ हंगामांत सात विजेतेपदे मिळवली, जिथे योगायोगाने एकही मिळण्याची खात्री नव्हती.

ब्रेडीच्या बाबतीत नियम उलट दिशेने काम करत होते, हे येथे महत्त्वाचे. बहुतेक लीगमध्ये आता ‘ड्राफ्ट’ असतो, म्हणजे नवोदित खेळाडूंची निवड करताना मागच्या हंगामात खाली राहिलेल्या संघांना आधी संधी मिळते. शिवाय ‘सॅलरी कॅप’, म्हणजे पगारावरील एकूण खर्चाची मर्यादा, एनबीएत १९८४-८५ पासून आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९४ पासून लागू आहे. श्रीमंत किंवा यशस्वी संघाने गुणवत्ता साठवून ठेवू नये, हाच या दोन्हींचा उद्देश आहे. स्वतः ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९व्या क्रमांकावर निवडला गेला होता.

हाच विचार भारतीय वाचकाच्या परिचयाच्या आयपीएललाही लागू पडतो, कारण तेथे लिलावात प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा असते आणि ठरावीक वर्षांनी बहुतेक खेळाडू पुन्हा लिलावात येतात. रोहित शर्मा आणि अंबाती रायुडू या दोघांच्या नावावर प्रत्येकी सहा विजेतेपदे आहेत. रोहितने २००९ चे पहिले विजेतेपद डेक्कन चार्जर्सकडून मिळवले आणि उरलेली पाच मुंबई इंडियन्सचा कर्णधार म्हणून. रायुडूने तीन मुंबईकडून आणि तीन चेन्नई सुपर किंग्जकडून. आकडा सारखा असला तरी संघाची बांधणी, नेतृत्व आणि मैदानावरील जबाबदारी यांत दोघांचा वाटा सारखा नव्हता.

म्हणून सर्वाधिक विजेतेपदांचा विक्रम हा खेळाडू, संघ आणि लीगचे नियम यांचा संयुक्त परिणाम समजावा लागतो. पाच जणांच्या बास्केटबॉल संघात सामन्याच्या ४८ मिनिटांपैकी सरासरी ४२ मिनिटे मैदानावर राहणारा रसेल निकालावर जेवढा प्रभाव टाकू शकत होता, तेवढा प्रभाव एका वेळी मिनिटभराच्या आसपास खेळून बाकावर परतणाऱ्या हॉकीपटूला शक्य नसतो. संघांची संख्या वाढल्यामुळे आणि खेळाडूंना स्थलांतराचे स्वातंत्र्य मिळाल्यामुळे ११ हा आकडा पुन्हा गाठला जाण्याची शक्यता आज फारच कमी आहे. पण पुढे एखाद्याने सहा-सात विजेतेपदे मिळवली, तर तो आकडा लहान आहे म्हणून त्याची कामगिरीही लहान, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही.