डिसमिस, हातोडी आणि डावा तळहात



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की हस्तव्यवसायाच्या पहिल्या तासाला माझा एक प्रश्न ठरलेला असतो, "सुट्टीत घरी काय काय दुरुस्त केलंत?" भराभर हात वर होतात, आणि त्यांतल्या दोन-तीन हातांना पट्टी बांधलेली असतेच. गेल्या वर्षी मात्र पट्टी दिसली ती पालकसभेत. आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांच्या डाव्या तळहाताला पाच टाके पडले होते. काम अगदीच साधे होते. टेबलाच्या खणाची मूठ ढिली झाली होती. त्यांनी खण मांडीवर घेतला, डाव्या हाताने त्याची कड घट्ट धरली आणि उजव्या हाताने डिसमिसवर जोर दिला. डिसमिस स्क्रूवरून घसरले ते थेट तळहातात. पुढे दोन महिने त्यांना मोटरसायकलचा क्लच धरता येत नव्हता.

बडोद्यात नव्याने आलेल्या पालकांसाठी सांगतो, डिसमिस म्हणजे आपला स्क्रू ड्रायव्हर. हा गुजराती शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की पुण्याच्या दुकानात तो मागितला तर दुकानदार आपल्याकडे पाहतच राहतो.

असा व्रण माझ्याही तळहातावर आहे, म्हणून हा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. यात दोन चुका असतात. पहिली म्हणजे, ज्या वस्तूवर काम करायचे तीच हातात धरणे. हत्यार नेहमी जोर लावलेल्या दिशेने घसरते, आणि त्या दिशेला आपणच आपला दुसरा हात ठेवलेला असतो. वस्तू टेबलावर ठेवावी, क्लॅम्पने आवळावी, निदान भिंतीला टेकवून घट्ट करावी. पटाशी वापरताना तर दोन्ही हात धारेच्या मागेच हवेत. करवत, कानस, चाकू यांनाही हाच नियम लागू आहे.

दुसरी चूक हत्यार निवडताना होते. चपट्या तोंडाच्या डिसमिसची पाती स्क्रूच्या खाचेइतकी रुंद हवी आणि खाचेत ती खुळखुळता कामा नये. फुलीच्या स्क्रूंसाठी टोकांना 0, 1, 2, 3 असे क्रमांक असतात. घरातल्या बहुतेक स्क्रूंना 2 क्रमांक बसतो आणि लहान स्क्रूंना 1. आपण हाताला लागेल ते उचलतो. 2 नंबरच्या स्क्रूत 1 नंबरचे टोक फिरते खरे, पण ते फुलीचे कोपरे खाऊन टाकते, आणि मग तो स्क्रू कोणालाच निघत नाही. शिवाय या फुलीच्या खाचेच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे पिळताना टोक आपोआप वर ढकलले जाते. म्हणून असा स्क्रू फिरवताना दाबही बराच द्यावा लागतो, आणि दाब सरळ रेषेत असावा लागतो. दुकानात गेलात तर एक स्क्रू खिशात घेऊन जा. टोक त्यात बसवून हलवून पाहा. डुगडुगले तर ते डिसमिस ठेवून द्या.

"चाळीस हत्यारांचा सेट स्वस्तात मिळाला," असे पालक कौतुकाने सांगतात. माझा अनुभव असा की, त्यातली सहा-सातच वापरात येतात आणि नेमक्या त्यांचेच लोखंड मऊ निघते. टोक एकदा पिळवटले की संपले. त्यापेक्षा 1 आणि 2 नंबरची दोन चांगली फुलीची डिसमिसे, दोन चपटी, एक पक्कड, एक हातोडी, एक टेप आणि एक लहान पाणसळ घ्यावी. बाकीची हत्यारे काम निघेल तशी घेता येतात. डिसमिसाने रंगाच्या डब्याचे झाकण उघडणे आणि त्याचा छिन्नीसारखा वापर करणे मात्र बंद करा. सगळ्यांत जास्त डिसमिसे त्यानेच वाया जातात.

आता टेपची एक गंमत. टेपच्या टोकाचा लोखंडी हूक थोडा पुढेमागे हलतो. मुले मला दरवर्षी सांगतात, "सर, ही टेप खराब आहे." एकदा तर एका उत्साही विद्यार्थ्याने तो हूक हातोडीने ठोकून पक्का करून आणला होता! हूक मुद्दामच सैल ठेवलेला असतो. फळीच्या कडेला अडकवून माप घेतले तर हूक फळीच्या बाहेर राहतो. भिंतीला टेकवून घेतले तर त्याची जाडीही मापात धरावी लागते. हा फरक भरून निघावा म्हणून हूक स्वतःच्या जाडीएवढाच सरकतो. पाणसळीची परीक्षाही सोपी आहे. ती एका जागी ठेवून बुडबुडा कोठे आहे ते पाहा, मग तिची टोके अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवा. बुडबुडा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाणसळीत आहे, भिंतीत नाही. खरेदी करताना दुकानाच्या काउंटरवरच हे करून पाहावे.

हातोडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. घरकामाला 300 ते 500 ग्रॅमची पुरते. डोके दांड्यावर हलते का, ते प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी पाहावे. एक मात्र लक्षात ठेवा, हातोडीवर हातोडी कधीही मारू नका. तिचा तोंडाचा भाग कडक केलेला असतो, त्याची कपची उडते आणि ती डोळ्यात जाऊ शकते. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले असेल तर तेही घासून काढावे, कारण कपच्या तिथूनही उडतात. कानस मुठीशिवाय वापरू नये, तिची शेपटी तळहातात घुसते. लोखंड कापायच्या करवतीचे पाते दात पुढच्या बाजूला करून बसवावे, म्हणजे मुठीपासून दूर. ती पुढे ढकलताना कापते. उलटे पाते लावून घाम गाळणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत.

नळाच्या कामात नटाला पक्कड लावू नये, त्याचे कोपरे झिजतात आणि मग पानाही धरत नाही. त्या मापाचा पानाच हवा. कमी-जास्त होणारा पाना असेल तर जोर त्याच्या न हलणाऱ्या जबड्यावर पडेल असा फिरवावा. पांढरी टेप आट्यांवर गुंडाळताना ज्या दिशेने जोड आवळायचा त्याच दिशेने गुंडाळावी, नाहीतर आवळताना ती उलगडून बाहेर येते. आणि काम सुरू करण्यापूर्वी वरचा वॉल्व्ह बंद करा, हे काही सांगायला नको. (सांगायला हवे. मी स्वतः विसरलो आहे.)

भिंतीला भोक पाडणे हे मात्र सर्वांत धोक्याचे काम आहे आणि त्याच कामात लोक सर्वांत कमी विचार करतात. स्विचबोर्डापासून वायर बहुतेक वेळा सरळ वर किंवा सरळ आडवी भिंतीच्या आत गेलेली असते. त्यामुळे स्विचच्या बरोबर वर किंवा खाली, तसेच दोन बोर्डांच्या मधल्या सरळ रेषेत ड्रिल लावू नये. जुन्या घरांत वायर तिरकीही नेलेली असते, म्हणून ड्रिल चालवताना त्या खोलीची विद्युतजोडणी मुख्य बोर्डावरून बंद ठेवावी आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे समजू नका. लाकडी जमिनीवर किंवा जाड रबरी चपलेवर उभे असताना तो लागेलच याची खात्री नसते. आपल्याकडची 230 व्होल्टची वीज दुसरी संधी देईलच असे नाही. 6 मिलिमीटरच्या प्लगला 6 मिलिमीटरचेच बिट लावावे आणि तेही सिमेंट-विटांसाठीचे. लाकडाच्या बिटाने भिंत फोडू पाहिल्यास बिट जळते, भोक मोठे होते आणि प्लग फिरत राहतो. अशा प्लगला काडेपेटीची काडी खोचून आरसा टांगणारे लोक आहेत. आरसा खाली येतोच, प्रश्न फक्त कधी एवढाच असतो.

आता विश्वस्त महोदयांना एक विनंती. आपल्या शहरात 1890 साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन सुरू केले, तेव्हा हाताच्या कामाला शिक्षणात जागा मिळाली. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. आपल्या शाळेच्या हस्तव्यवसाय कक्षात आज एकच व्हाइस आहे आणि वर्गात चाळीस मुले. साहजिकच उरलेली एकोणचाळीस मुले लाकूड हातात धरतात, म्हणजे त्या पालकांची चूक आम्हीच त्यांना वर्गात शिकवतो. नवी हत्यारे नकोत, आहेत ती पुरेशी आहेत. सहा लहान क्लॅम्प, आणखी एक व्हाइस आणि डोळ्यांसाठी दहा चष्मे मिळाले तर याच सत्रात उपयोगी पडतील.

त्या पालकांच्या टेबलाच्या खणाला मूठ अजून बसलेली नाही. खण शाळेत आणून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. नववी 'ब'चा तास शनिवारी आहे, तोवर व्हाइस मोकळा ठेवतो.