वेबसाईटवरचा व्यापारी : खरा की खोटा?

कापड, सुटे भाग किंवा यंत्रे कुठे मिळतात हे शोधण्यासाठी आपले छोटे व्यापारी बांधव हल्ली आधी वेबसाईट पाहतात. वेळ वाचतो, भावही समजतात. परंतु वेबसाईट म्हणजे दुकानाची पाटी, आणि पाटी कोणीही रंगवून घेऊ शकतो. म्हणून आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी चौकशी वेबसाईटच्या बाहेर केली पाहिजे.

सर्वप्रथम जीएसटी क्रमांक मागावा. परराज्यात माल पाठविणाऱ्याला, मोजके अपवाद सोडता, नोंदणी लागतेच. हा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गुजरात २४), पुढची दहा अक्षरे पॅनची. सुरतची पेढी म्हणविणाऱ्याचा क्रमांक २४ ने सुरू होत नसेल तर तेथेच खुलासा विचारावा. नंतर तो सरकारी जीएसटी पोर्टलवर तपासावा. त्यासाठी लॉगिन वा शुल्क लागत नाही. नोंदणीचे नाव व तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, विवरणपत्रे भरली जातात की नाही, हे तेथे दिसते.

मात्र दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून स्वतःच्या साईटवर लावणारे महाभागही आहेत. त्यामुळे नाव, पत्ता आणि बँक खाते ही तिन्ही जुळली पाहिजेत. पेढी एकाची आणि खाते भलत्याच व्यक्तीचे असेल तर पैसे पाठवू नयेत, मग भाव कितीही स्वस्त असो.

वेबसाईटचे वयही पाहावे. डोमेन कधी नोंदले गेले हे 'हू इज' या नोंदीत सापडते. १९८५ पासून धंद्यात असल्याचे सांगणाऱ्याचे डोमेन दोन महिन्यांचे निघाले तर जुन्या गिऱ्हाइकांची नावे मागावीत. जुनी पेढी नवी साईट काढू शकते, हे खरे. पण तिला गिऱ्हाइके दाखविता येतात.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर अनेकजण विसंबतात. ते फक्त एवढेच सांगते की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही; समोरचा इमानदार आहे की नाही, ते सांगत नाही. हाच गैरसमज पाहून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते काढले. साईटवरच छापलेल्या स्तुतीची किंमत तर शून्य समजावी.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनात (सूरह बकरा, आयत २८२) आहेच. येथेही भाव, वजन, मुदत लेखी घ्यावी आणि पहिली मागणी थोडक्या मालाची द्यावी. एवढे करूनही फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवावे. रक्कम पुढे काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती खात्यात रोखता येते.