रक्तगट जुळतो, तरी रक्त का जुळत नाही?

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांपैकी काहींना वारंवार रक्त चढवावे लागते. अशा वेळी रक्तपेढीतून कधी कधी उत्तर येते, ‘गट तोच आहे, पण क्रॉसमॅच जुळत नाही.’ असे का होते?

अँटीबॉडी कशा तयार होतात?

ए, बी, ओ आणि आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढेच गट आपल्याला माहीत असतात. प्रत्यक्षात लाल पेशींवर तीनशेहून अधिक अँटिजेन, म्हणजे ओळखखुणा, असतात. दात्याच्या पेशींवरची एखादी खूण तुमच्या पेशींवर नसेल, तर शरीर तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकते. गरोदरपणातही असे घडू शकते.

काही अँटीबॉडी फार दुर्मीळ असतात. १९७३ मध्ये मुंबईतील संशोधकांनी प्रथम नोंदवलेल्या ‘इंडियन’ रक्तगटातील ‘आयएन-बी’ ही खूण जवळजवळ सर्वांच्या पेशींवर असते. तिच्याविरुद्ध अँटीबॉडी झाल्यास जुळणारा दाता मिळणे कठीण जाते.

धोका कोणता?

काही महिन्यांत अँटीबॉडी इतकी कमी होऊ शकते की तपासणीत दिसतही नाही. शरीर मात्र ती विसरत नाही. तीच खूण असलेले रक्त पुन्हा दिले, तर साधारण ३ ते १४ दिवसांत चढवलेल्या पेशी फुटू लागतात. लघवी गडद होणे, डोळे पिवळे होणे, ताप, कंबरदुखी, अंगदुखी किंवा पुन्हा थकवा येणे ही लक्षणे दिसली, तर लगेच रुग्णालयात जा आणि रक्त कधी चढवले ते सांगा. सिकलसेलमध्ये हा त्रास नेहमीच्या दुखण्यासारखा वाटू शकतो.

तुम्ही काय कराल?

• अँटीबॉडी आढळली असेल, तर तिचे नाव रक्तपेढीकडून लिहून घ्या. तो कागद कायम जवळ ठेवा. मोबाइलमध्ये फोटोही काढा.
• उपचार नंदुरबारला असोत, धुळ्याला की कामानिमित्त सुरतला, तो कागद प्रत्येक ठिकाणी दाखवा.
• आधी किती वेळा रक्त चढवले आणि गरोदरपण झाले असल्यास तेही सांगा.
• नियोजित रक्तासाठी काही दिवस आधी नमुना द्या. योग्य पिशवी शोधायला वेळ लागतो.
• आरएच आणि केल गटांचे अँटिजेन जुळवून रक्त मिळेल का, हे विचारा.

डॉक्टरांनी रक्त सांगितले असेल, तर भीतीपोटी नाकारू नका. आजची तपासणी निगेटिव्ह आली, तरी जुना अहवाल दाखवाच.