इंझोरीत महिन्याचा वाचनकट्टा: सुरुवात ‘धग’पासून करू या

मंडळी, पुस्तकं कुठून आणायची हा पहिला प्रश्न. नाशिकला २००९ साली विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे द्यायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी अदलाबदल करायची. पेटीसाठी ना इमारत लागते ना कपाट. इंझोरी आणि मानोऱ्यात असे दोन गट झाले, तरी फिरती पेटी सुरू होईल.

पहिलं पुस्तक माझ्या मते उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६० ची कादंबरी. तिच्यातली वऱ्हाडी बोली आपल्या घरातलीच. म्हणून ती मनात वाचून भागत नाही. एखाद्या आजीला कादंबरीची नायिका कौतिक हिचे संवाद मोठ्यानं वाचू द्या, बैठकीत वेगळाच जीव येतो. दुसऱ्या महिन्यात नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’. आपल्याच वाशिम जिल्ह्याचा हा लेखक, आणि या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे! शाळकरी पोरांना हे ठाऊक असायलाच हवं.

बैठक दीड तासाची पुरे. पुस्तक अर्धवट वाचलेल्यांनीही यावं, फक्त आवडलेलं एक पान खूण करून आणावं. आधी त्यांना बोलू द्या, पूर्ण वाचलेले नंतर. नाहीतर नवखे गप्प बसतात. पेरणी आणि सोयाबीनच्या सोंगणीत कादंबरी नको, एकच कथा घ्या आणि बैठक रात्री जेवणानंतर ठेवा.