तुरट ज्वारी व पांखरें

हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार वाचकांनीं पाहिलाच असेल. त्याला तेथें बसविलें आपल्याच जिभेनें, असें आम्हांस वाटतें. कांहीं तांबड्या ज्वारींच्या सालीखालीं टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. झाडानें बियांसाठीं केलेला हा बंदोबस्तच. दाणा दुधांत असतां, पांखरांची धाड पडते तेव्हांच, हा तुरटपणा तीव्र असतो, आणि पांखरूं शेजारचें गोड शेत गांठतें. (शेजाऱ्याचें काय, हा प्रश्न निराळा!) परंतु हेंच द्रव्य प्रथिनांस जखडून त्यांचें पचन अडवितें, म्हणून आपण मालदांडीसारखा गोड, पांढरा दाणा पत्करला. पूर्व आफ्रिकेंत क्वेलिया पांखरांच्या थव्यांपुढें राखण पुरी पडत नाहीं. तेथें पुष्कळ ठिकाणीं तांबडी ज्वारीच पेरतात. रुआंडा, बुरुंडीकडे तिचे दाणे लांकडाची राख कालविलेल्या पाण्यांत भिजवून मोड आणतात, आणि मग दळून लापशी करतात.