परदेशात बालरोगतज्ज्ञ होताना (भाग ५) : यादीत पहिलं नाव कुणाचं?

गेल्या आठवड्यात परीक्षांचा टप्पा पाहिला. यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेची स्टेप १ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली आणि स्टेप २ च्या गुणांना जास्त महत्त्व आलं. आता समजा, अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या मुलाखती आटोपल्या आहेत. नागपूरच्या मेडिकलमधून किंवा गोंदियाच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला, मध्य प्रदेशातल्या परसवाड्याचा डॉक्टर रुग्णालयांचा पसंतीक्रम लावायला बसला आहे. त्याने सुरुवात शहरापासून करू नये, रुग्णालयाच्या नावलौकिकापासूनही करू नये. पुढे आयुष्यभर कोणती मुलं तपासायची आहेत, हे आधी ठरवावं.

परसवाड्याच्या बाजूला, गोंड वस्त्यांत, सिकलसेल हा रक्ताचा आजार ओळखीचा आहे. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ एकाएकी रडायला लागतं, हातापायांचे पंजे टम्म सुजतात, कुणाला हात लावू देत नाही. घरचे मुका मार समजून शेक देत बसतात. ही सूज सिकलसेलची पहिली खूण असू शकते, आणि ती ओळखणारा डॉक्टर तिथे हवा आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झालं, ते उगीच नाही.

अमेरिकेत २००६ पासून सर्व राज्यांत प्रत्येक नवजात बाळाची या आजारासाठी तपासणी होते. गंभीर प्रकार आढळला की दोन-तीन महिन्यांच्या वयापासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन देतात. वयाच्या दोन वर्षांनंतर दरवर्षी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर करून पक्षाघाताचा धोका आधीच हेरतात. बाळाची प्लीहा वाढली का, हे घरीच चाचपून बघायला आईला शिकवतात. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत ही शिस्त अंगात मुरली पाहिजे. म्हणून प्रत्येक रुग्णालयाबाबत पहिला प्रश्न हा : सिकलसेलची ओपीडी आहे का, आणि रेसिडेंट तिथे किती काळ बसतो? अटलांटा, मेम्फिस, फिलाडेल्फिया या शहरांत असं काम मोठं आहे.

दुसरा प्रश्न : रात्री दोन वाजता मूल धापा टाकायला लागलं, तर रक्त चढवायचं का हे कोण ठरवतं? फिलाडेल्फियातल्या, १८५५ साली सुरू झालेल्या मुलांच्या रुग्णालयासारख्या बड्या ठिकाणी प्रत्येक उपशाखेचे फेलो (रेसिडेन्सीनंतर ती उपशाखा शिकणारे डॉक्टर) असतात. दुर्मीळ आजार पाहायला मिळतात, पण निर्णय बऱ्याचदा फेलोकडे जातो. लहान रुग्णालयात वरिष्ठांना फोन करून रेसिडेंटच पुढे होतो. परसवाड्यात फेलो नसतो. तिथे परतायचं असेल, तर भरपूर रुग्ण असलेलं मध्यम रुग्णालय मी वर ठेवीन.

तिसरा प्रश्न व्हिसाचा. जे-१ साठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. परतणाऱ्याला ही अट जाचक नाही. एच-१बी साठी स्टेप ३ आधी पास व्हावी लागते, आणि अनेक रुग्णालयं तो देतच नाहीत. संकेतस्थळावरच्या जुन्या ओळीवर विसंबू नका, लेखी विचारून घ्या. बालरोगाच्या बोर्ड परीक्षेत पहिल्याच खेपेस किती जण पास होतात, याचे रुग्णालयवार आकडे प्रसिद्ध होतात. तेही जरूर पाहा.

यादी मात्र मनातल्या खऱ्या क्रमानेच लावा. ‘तिथे आपली वर्णी लागणार नाही’ म्हणून आवडतं रुग्णालय खाली ढकललं, तर फायदा शून्य. १९९८ पासून मॅचची, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालयं यांच्या याद्या जुळवण्याची, गणनपद्धत उमेदवाराच्या पसंतीला झुकतं माप देते. ती नव्याने रचणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वरचं हुकलं, तरी खालच्या जागेवरचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

आणि जाण्याआधी नागपूरच्या मेडिकलमध्ये सिकलसेलची मुलं नीट पाहून घ्या. मध्य भारतातल्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून असतं, त्यामुळे आजाराची चाल अमेरिकेतल्या रुग्णांहून वेगळी असू शकते. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाच्या कमी मात्रेवर नागपुरात झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. तिकडची शिस्त आणि इकडचा रुग्ण, दोन्ही ज्याला कळतील, तोच परसवाड्याच्या मुलांच्या कामी येईल.

पुढच्या भागात : शिफारसपत्रं कुणाकडून घ्यावीत?